कागदी खेळणी, छापील

कागदावर किंवा पातळ पुठ्ठ्यावर छापलेल्या आकृत्या कापून, दुमडून, चिकटवून वा एकमेकींत अडकवून तयार होणारी खेळणी. कागदी बाहुल्या व त्यांचे पोशाख, छोट्या कागदी रंगभूमी, सैनिकांच्या पलटणी, इमारती व वाहने यांच्या प्रतिकृती, हालत्या चित्रांची पुस्तके, उठावदार चिकटचित्रे आणि छापील पटांवरील बैठे खेळ यांचा अंतर्भाव या वर्गात होतो. पतंग, भिरभिरे, घडीची होडी ही खेळणीही कागदाचीच. परंतु त्यांत छपाईला महत्त्व नसल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

या खेळण्यांचा भरभराटीचा काळ स्थूलमानाने १८१० ते १९१४ असा मानता येतो. याच काळात यूरोपात व अमेरिकेत मुद्रणतंत्रात आमूलाग्र बदल झाले आणि दगडावरून अनेक रंगांत छपाई करण्याची पद्धत रूढ झाली. रंगीत मुद्रणामुळे खेळणी स्वस्त झाली व घरोघरी पोहोचली, असे सामान्यतः म्हटले जाते. ते खरे असले, तरी अपुरे आहे. रंगीत तावाचे विपुल उत्पादन रंगीत मुद्रणाच्या आधीच, केवळ हातांच्या बळावर सुरू झाले होते. रंगीत मुद्रणाने नेमके काय बदलले, हे समजण्यासाठी आधीची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे.

प्रारंभिक इतिहास : कापून खेळण्याचे छापील ताव अठराव्या शतकात जर्मनीतील आउग्जबर्ग व न्यूरेंबर्ग या मुद्रणकेंद्रांत तयार होत असत. आउग्जबर्गचा प्रकाशक मार्टिन एंगेलब्रेख्त (१६८४–१७५६) याने ताम्रपटावरून छापलेली व हाताने रंगविलेली छोटी दृश्ये प्रसिद्ध केली. एकामागे एक उभ्या केलेल्या कापीव चित्रांच्या पाच-सहा थरांतून उद्यान, मेजवानी, बंदर, शिकार अशा प्रसंगांचा खोलीसह आभास निर्माण होई. ही खेळणी मुख्यतः सधन कुटुंबांच्या दिवाणखान्यातील करमणूक होती.

जपानमध्ये स्वतंत्रपणे हीच कल्पना विकसित झाली. तेथे लाकडी ठशांवरून अनेक रंगांत छपाई करण्याची कला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्णत्वास पोहोचली होती. तिच्या आधारे मुलांसाठी खेळण्यांच्या चित्रांचे ताव आणि कापून उभे करावयाची दृश्ये निघत असत. होकुसाई यासारख्या श्रेष्ठ चित्रकारानेही असे ताव रेखाटले. छपाईतूनच रंग उमटवून खेळणी तयार करणे यूरोपाबाहेर आधीच साध्य झाले होते, ही बाब या संदर्भात महत्त्वाची आहे.

लंडनमधील एस्. अँड जे. फुलर या प्रकाशनसंस्थेने १८१० मध्ये ‘लिटल फॅनी’ नावाच्या मुलीची पद्यकथा कागदी बाहुलीसह प्रसिद्ध केली. एकच सुटे मस्तक निरनिराळ्या पोशाखांतील आकृत्यांना लावावयाचे, अशी तिची रचना होती. चित्रे हाताने रंगविलेली असल्यामुळे फुलरच्या अशा संचांची किंमत पाच ते आठ शिलिंगांच्या घरात असे. बारा पेनींचा एक शिलिंग या हिशेबाने पाच शिलिंग म्हणजे साठ पेनी होत. सामान्य मजुराच्या मुलास हे खेळणे मिळणे अशक्यच होते.

त्याच सुमारास, म्हणजे १८११ पासून, विल्यम वेस्ट व इतर लंडनच्या प्रकाशकांनी नाट्यगृहांतील लोकप्रिय प्रयोगांवर आधारित पात्रांचे व पडद्यांचे ताव विक्रीस आणले. यांतून इंग्लंडमधील खेळण्यातील रंगभूमीची परंपरा सुरू झाली. पुढे या तावांची किंमत साध्यासाठी एक पेनी व रंगविलेल्यासाठी दोन पेनी अशी ठरून गेली. या किंमतीत एक आर्थिक सत्य सामावलेले आहे. कागद, कोरीवकाम, शाई, छपाई व विक्रेत्याचा नफा या सर्वांसाठी मिळून एक पेनी आणि केवळ रंगासाठी तेवढीच दुसरी. रंग हाताने देण्याची पद्धत होती तोवर रंगाचा भार एकूण किंमतीच्या निम्म्याइतका होता. आर्. एल्. स्टीव्हन्सन या लेखकाने १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बालपणी आवडलेल्या या तावांचा गौरव केला आहे. साधे ताव घेऊन ते आपल्या हाताने रंगविणे हा त्या काळी खेळाचाच एक भाग होता.

हातरंगाई व स्टेन्सिल : हाताने रंगविणे म्हणजे प्रत्येक चित्र कुंचल्याने स्वतंत्रपणे रंगविणे असे नव्हे. फ्रान्समधील एपिनाल येथे झां-शार्ल पेलरँ (१७५६–१८३६) याने १७९६ मध्ये स्थापन केलेल्या चित्रमुद्रणालयात आणि बर्लिनच्या वायव्येस असलेल्या नॉइरुपिन गावातील गुस्टाफ क्यून याच्या कारखान्यात या कामासाठी स्टेन्सिल म्हणजे कोरून काढलेला साचा वापरीत. तेलकट कागदातून वा पातळ पत्र्यातून एका रंगाच्या जागा कापून घेत; तो साचा छापील तावावर ठेवून रुंद कुंचला फिरविला, की तेवढ्याच जागा रंगत. ताव मग पुढच्या कामगाराकडे सरकवला जाई व तो दुसरा रंग देई. चार-पाच रंगांसाठी चार-पाच हात लागत.

ही श्रमविभागणी कारखानदारी पद्धतीचीच होती, फक्त तिला यंत्र नव्हते. नॉइरुपिनच्या तावांवर युद्धे, राजांचे सोहळे, आगी, बोधकथा आणि मुलांसाठी सैनिक व बाहुल्या असे नानाविध विषय असत. फेरीवाले हे ताव खेडोपाडी नेऊन विकत. रंग मात्र भडक व सपाट असत. ते पुष्कळदा रेषेबाहेर जात आणि छायाप्रकाशाचे सूक्ष्म फरक दाखविणे त्यांत शक्य नसे. व्हिएन्नात माटिआस ट्रेन्ट्सेन्स्की, माइन्त्समध्ये योझेफ शोल्त्स व एस्लिंगेनमध्ये याकोप फेर्डिनांट श्रायबर (संस्थेची स्थापना १८३१) यांनीही याच काळात कापीव तावांचा व्यवसाय वाढविला.

स्त्रिया व मुले हे या उद्योगाचे मुख्य मनुष्यबळ होते. मध्यमवर्गीय मुलाच्या हातातील सैनिकाचा लाल अंगरखा पुष्कळदा त्याच्याच वयाच्या दुसऱ्या मुलाने तुटपुंज्या मजुरीवर रंगविलेला असे. त्या काळच्या रंगद्रव्यांपैकी क्रोम पिवळ्यात शिसे, तर श्वाइनफुर्ट हिरव्यात आर्सेनिक असे. ही द्रव्ये जिथे वापरली जात, तिथे त्यांचा धोका खेळणाऱ्यापेक्षा दिवसभर कुंचला धरणाऱ्यास अधिक होता. स्वस्त खेळण्याची खरी किंमत मोजताना ही बाजू वगळता येत नाही.

शिलामुद्रण व बहुरंगी मुद्रण : प्राग येथे जन्मलेल्या व म्यूनिकमध्ये स्थायिक झालेल्या आलॉइस झेनेफेल्डर (१७७१–१८३४) याने १७९६ ते १७९८ या काळात शिलामुद्रणाचा शोध लावला. तो नाटककार होता आणि आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीतून तो या शोधाकडे वळला. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील घट्ट, सूक्ष्मकणी चुनखडकाच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध खडूने वा शाईने चित्र काढतात. नंतर डिंक व सौम्य नायट्रिक अम्ल यांचे मिश्रण लावून शिळेची चित्रविरहित जागा पाणी धरून ठेवील अशी करतात. शिळा ओली करून तिच्यावर तेलकट शाईचा रूळ फिरविला, की ओल्या जागी शाई लागत नाही. ती फक्त रेषांनाच चिकटते. त्यावर कागद दाबला म्हणजे चित्र उमटते (⟶ शिलामुद्रण).

खेळण्यांच्या प्रकाशकांना या पद्धतीचे दोन मोठे फायदे झाले. एक म्हणजे लाकूड वा तांबे कोरण्याचे वेळखाऊ काम टळले. चित्रकाराला शिळेवर सरळ रेखाटन करता येऊ लागले. दुसरे म्हणजे ताम्रपटावरील बारीक रेषा दाबाखाली लवकर झिजतात, तशी शिळेवरील चित्राची झीज होत नसल्याने कितीतरी अधिक प्रती निघू लागल्या. तथापि रंगाचा प्रश्न सुटला नव्हता. १८२० ते १८५० या काळातील बहुसंख्य ताव शिळेवर काळ्या रेषेत छापून स्टेन्सिलने रंगविलेले आहेत.

एका चित्रासाठी अनेक शिळा वापरण्याचे प्रयोग झेनेफेल्डरनेही केले होते. परंतु ही पद्धत व्यवहार्य करून तिला निश्चित रूप देण्याचे श्रेय सामान्यतः म्यूलूझ येथील गॉदफ्र्वा एंगेलमान याला देतात. त्याने १८३७ मध्ये बहुरंगी शिलामुद्रणाचे एकस्व मिळविले. तिच्यातील टप्पे पुढीलप्रमाणे असत : प्रथम मूळ चित्राची बाह्यरेषा एका शिळेवर घेत. त्या रेषेचे फिके ठसे जितके रंग तितक्या शिळांवर उमटवीत. मग कुशल कारागीर प्रत्येक शिळेवर फक्त त्या रंगाचा भाग भरी. गडदफिकेपणा दाखविण्यासाठी तो लेखणीने असंख्य लहान ठिपके देई. ठिपके दाट असतील तेथे रंग गडद व विरळ असतील तेथे फिका दिसे. पिवळ्यावर निळ्याचे ठिपके पडले, की हिरव्याचा भास होई. हे विघटन कारागीर केवळ नजरेच्या अंदाजाने करी; त्यास छायाचित्रणाचे साहाय्य नव्हते.

छपाईत बहुधा पिवळ्यासारखे फिके रंग आधी व गडद रंग नंतर घेत. चांगल्या कामासाठी आठ ते बारा व क्वचित त्याहून अधिक शिळा लागत. प्रत्येक रंग आधीच्या रंगाशी तंतोतंत जुळणे, म्हणजेच रंगजुळणी, ही सर्वांत अवघड बाब होती. तावाच्या कडेला फुलीसारख्या खुणा छापून त्यांच्या आधारे कागद बसवीत. कागद हवेतील दमटपणाने फुगतो व सुकल्यावर आकसतो. त्यामुळे दोन छपायांच्या दरम्यान हवामान बदलले, तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर सरके. जुन्या बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर असे सरकलेले रंग अनेकदा आढळतात.

स्ट्रासबर्गचा मुद्रक ग्युस्ताव्ह सिल्बरमान याने १८४० च्या दशकात उठावाच्या ठशांवरून तेलरंगी शाईत सैनिकांचे ताव छापून वेगळा मार्ग दाखविला. पण पुढील अर्धशतकात प्रभाव राहिला तो बहुरंगी शिलामुद्रणाचाच.

विपुल उत्पादनाची कारणे : बहुरंगी शिलामुद्रण मुळात स्वस्त नव्हते. दहा रंगांच्या चित्रासाठी दहा शिळा तयार करणे व प्रत्येक ताव दहा वेळा यंत्रातून काढणे हे पाच रंगांच्या स्टेन्सिलपेक्षा खर्चाचे काम होते. एका साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. दहा हजार ताव पाच रंगांत स्टेन्सिलने रंगवावयाचे, तर पन्नास हजार वेळा हात फिरवावा लागेल. तेच ताव दहा शिळांवरून छापावयाचे, तर एक लाख वेळा दाब द्यावा लागेल. शिवाय शिळा तयार करण्याचा प्रारंभिक खर्च निराळा. मग नवी पद्धत स्वस्त कशी ठरली? याची कारणे रंगीत मुद्रणाबरोबर आलेल्या इतर सुधारणांत आहेत.

पहिली सुधारणा म्हणजे चित्र एका शिळेवरून दुसरीवर नेण्याची पद्धत. मूळ शिळेवरून खास लेप दिलेल्या कागदावर स्निग्ध शाईचे ठसे घेत आणि ते एका मोठ्या शिळेवर शेजारी शेजारी उतरवीत. अशा रीतीने एका चित्राच्या वीस-तीस आवृत्त्या एकाच तावावर बसत. वरील उदाहरणात तावावर वीस चित्रे असतील, तर एक लाख दाबांतून दोन लाख खेळणी निघतात. म्हणजे दर खेळण्यामागे अर्धाच दाब पडतो. हातरंगाईत चित्रांची संख्या वाढली, की प्रत्येक चित्राच्या जागेवरून कुंचला फिरवणे भागच असे. यंत्राच्या दाबाला तावावर किती चित्रे आहेत याने फरक पडत नाही.

दुसरी सुधारणा यांत्रिक शक्तीची. व्हिएन्नाच्या गेओर्ग झीगल याने १८५१ च्या सुमारास बाष्पशक्तीवर चालणारे शिलामुद्रण यंत्र तयार केले. हातयंत्रावर दोन माणसे दिवसभरात जेवढे ठसे काढीत, तेवढे ठसे अशी यंत्रे तासा-दोन तासांत देऊ लागली. तिसरी सुधारणा कागदाची. सलग कागद करणारी यंत्रे शतकाच्या आरंभीच आली होती. १८४४ मध्ये फ्रीड्रिख गोटलोप केलर याने लाकडापासून लगदा करण्याची पद्धत शोधल्यावर चिंध्यांची टंचाई हा अडथळा क्रमाने दूर झाला. ब्रिटनमध्ये १८६१ मध्ये कागदावरील कर रद्द झाल्याने तेथे किंमत आणखी उतरली.

चौथी सुधारणा छेदसाच्याची. चित्राच्या बाह्याकाराप्रमाणे घडविलेल्या पोलादी पात्याखाली छापील ताव दाबून आकृत्या एकदम कापता येऊ लागल्या. त्याच वेळी उलट-सुलट साच्यांत दाबून गाल, फुले, पिसारे यांना उठावही देत. कापलेल्या आकृत्या सुट्या पडू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवीत व त्यांवर छापखान्याचे नाव घालीत. यामुळे मुलाला कात्रीची गरज उरली नाही. रंगविणे व कापणे ही खेळातील दोन्ही कामे कारखान्याने स्वतःकडे घेतली, हा या सुधारणेचा दूरगामी परिणाम होय.

सारांश, रंगीत मुद्रणाने उत्पादनखर्चाचे स्वरूप बदलले. आरंभीचा खर्च मोठा व पुढील प्रत्येक प्रतीचा खर्च नाममात्र, असा हा व्यवसाय झाला. तो परवडण्यासाठी प्रचंड खप व दूरदूरच्या बाजारपेठा हव्या होत्या. लोहमार्ग, आगबोटी व स्वस्त टपाल यांनी त्या मिळवून दिल्या.

हा बदल सर्वत्र सारखा झाला नाही. एपिनालच्या मुद्रणालयाने स्टेन्सिल न सोडता विसाव्या शतकाच्या आरंभी स्टेन्सिलमधून आपोआप रंग देणारे यंत्रच वापरात आणले. लंडनमध्ये बेंजामिन पोलॉक (१८५६–१९३७) याने सासऱ्याकडून आलेले खेळण्यातील रंगभूमीचे दुकान हॉक्स्टन भागात अखेरपर्यंत हातरंगाईवरच चालविले. खप मर्यादित असेल, तर हातच परवडतो, हे यावरून दिसते.

प्रमुख प्रकार व निर्माते : (१) कागदी बाहुल्या : मारी ताल्योनी ही नर्तकी व जेनी लिंड ही गायिका यांच्या बाहुल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकप्रिय होत्या. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स (१८५८) या संस्थेने आरंभी स्टेन्सिलने व पुढे बहुरंगी छपाईने बाहुल्या, पुस्तके व खेळ यांचे अफाट उत्पादन केले. लंडनच्या राफाएल टक अँड सन्स या संस्थेच्या बाहुल्या रंगांच्या नाजूकपणाबद्दल प्रसिद्ध होत्या. मात्र तिची बरीच छपाई जर्मनीत होत असे.

(२) रंगभूमी : जर्मनीत श्रायबर व शोल्त्स, कोपनहेगनमध्ये आल्फ्रेड याकॉपसन आणि बार्सेलोनात पालुसिए यांनी पडदे, पात्रे व संक्षिप्त संहिता यांचे संच प्रसिद्ध केले. यांमुळे प्रत्यक्ष नाट्यगृहात न गेलेल्या कुटुंबांतही नाटके व संगीतिका पोहोचल्या.

(३) चिकटचित्रे : देवदूत, फुले, प्राणी यांची उठावदार, चकचकीत चित्रे वहीत चिकटविण्याचा छंद १८६० नंतर सर्वत्र पसरला. बर्लिन हे या उत्पादनाचे मुख्य केंद्र होते व तेथील लिटाउअर उंट बॉयझेन यांसारख्या संस्था ती देशोदेशी निर्यात करीत.

(४) हालती पुस्तके : म्यूनिकचा चित्रकार लोथार मेगेन्डॉर्फर (१८४७–१९२५) याच्या पुस्तकांत एक पट्टी ओढली, की चित्रातील माणसाचे हात, डोळे, जबडा एकदम हलत. कागदी तरफा बारीक तारेच्या वेटोळ्यांनी जोडलेल्या असत. त्याचे १८८७ मधील सर्कशीचे पुस्तक उलगडले असता प्रेक्षकांसह संपूर्ण रिंगण उभे राहते. यांची छपाई यंत्राने होई. जुळणी मात्र हातानेच करावी लागे.

(५) बैठे खेळ : मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्डचा शिलामुद्रक मिल्टन ब्रॅडली (१८३६–१९११) याने १८६० मध्ये अब्राहम लिंकनचे दाढी नसलेले चित्र छापले. लिंकनने दाढी राखल्यावर त्या चित्राची विक्री थांबली. यंत्र रिकामे राहू नये म्हणून त्याने जीवनयात्रेवरील एक पटाचा खेळ छापला व तो अतिशय खपला. महागडे छपाईयंत्र सतत चालते ठेवण्याची निकड हीच अनेक खेळण्यांची जननी होती.

(६) लाकडावर चिकटविलेली चित्रे : ऱ्होड आयलंडमधील आर्. ब्लिस या कंपनीची बाहुलीघरे साध्या लाकडी खोक्यांवर छापील कागद चिकटवून केलेली असत. विटा, खिडक्या, जाळीदार कठडे हे सर्व छपाईतूनच येई.

(७) जाहिरातीची खेळणी : कॉफी, शिवणाचा दोरा, साबण इत्यादींबरोबर कागदी बाहुल्या व प्राणी फुकट मिळू लागले. १८९० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांनीही रंगीत पुरवण्यांतून बाहुल्या दिल्या. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हे खेळणे साठ पेनींवरून फुकटापर्यंत उतरले.

ऱ्हास : जर्मनीतील छापखाने या व्यवसायाचा कणा असल्याने पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) निर्यात तुटली व ही व्यवस्था मोडली. मुद्रणतंत्रानेच कागदाला प्रतिस्पर्धीही निर्माण केला होता. पत्र्यावर रबराच्या वा तत्सम पृष्ठावरून छापण्याच्या पद्धतीचे एकस्व इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कली याने १८७५ मध्ये घेतले. तिच्यामुळे पत्र्याच्या आगगाड्या व मोटारी रंगीत व स्वस्त झाल्या. ऑफसेट पद्धत १९०४ नंतर कागदासाठीही रूढ झाली आणि छायाचित्रणाने होणाऱ्या रंगविघटनाने शिळेवर ठिपके देणारा कारागीर अनावश्यक ठरला. चित्रपटाने खेळण्यातील रंगभूमीचे आकर्षण कमी केले.

तथापि कागदी खेळणी नाहीशी झाली नाहीत. अमेरिकेत १९३० ते १९६० या काळात चित्रपटतारकांच्या बाहुल्यांची पुस्तके भरपूर खपली. दुसऱ्या महायुद्धात धातू व रबर दुर्मिळ झाल्यावर इंग्लंडमध्ये ‘मायक्रोमॉडेल्स’ या पोस्टकार्डाएवढ्या पत्रांवरील प्रतिकृती निघाल्या. पोलंडमध्ये १९५७ पासून कागदी प्रतिकृतींचे एक नियतकालिक निघू लागले. संगणकाला जोडलेल्या छपाईयंत्रामुळे एकविसाव्या शतकात असे ताव घरच्या घरी छापता येऊ लागले आहेत.

भारतातील स्थिती : भारतात शिलामुद्रण १८२० च्या दशकात आले, परंतु बहुरंगी शिलामुद्रणाचा उपयोग येथे खेळण्यांपेक्षा देवादिकांच्या व ऐतिहासिक पुरुषांच्या चित्रांसाठी झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात स्थापन केलेली चित्रशाळा आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रे व तंत्रज्ञ आणून काढलेला व पुढे मळवलीस हलविलेला छापखाना ही याची प्रमुख उदाहरणे होत. रविवर्म्यांच्या छापील चित्रांतील वस्त्रांवर कापड, जर व टिकल्या चिकटवून ती सजविण्याची प्रथा घरोघरी होती. छापील आकृतीला आपल्या हाताने पोशाख घालण्याची ही हौस कागदी बाहुलीच्या खेळाशी जवळचे नाते सांगते.

खेळांच्या क्षेत्रात छपाईचा परिणाम दुहेरी झाला. सावंतवाडीचे गंजिफा हे लाखेचा लेप दिलेल्या गोल पानांवर हाताने रंगवीत. दशावतारी संचात अशी १२० पाने असत. एकेक पान रंगविणारा चित्रकार कारखान्यात छापलेल्या बावन्न पानांच्या संचाशी किंमतीत टिकू शकला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्याच्या पुढाकाराने ही कला पुनरुज्जीवित झाली, पण ती संग्राह्य कला म्हणून. याउलट, परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी निगडित मानलेला मोक्षपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये छापील सापशिडीच्या रूपाने प्रकट झाला व पुढे त्याच रूपात भारतीय घरांत रुजला. या प्रवासात घरांवरील पापपुण्यांची नावे मागे पडली आणि साप व शिडी तेवढे उरले.

ओळख व जतन : जुन्या तावाची छपाई भिंगाखाली ओळखता येते. स्टेन्सिलचा रंग सपाट असून त्यात कुंचल्याचे ओरखडे व कडेला रंगाची दाट रेघ दिसते. बहुरंगी शिलामुद्रणात ठिपके अनियमित व हाताने दिलेले असतात. नंतरच्या छायायांत्रिक छपाईत ते जाळीप्रमाणे नियमित ओळींत असतात. साधारणतः १९५० नंतरच्या कागदांत चकाकी आणणारी रसायने असल्याने तो कागद जंबुपार किरणांत निळसर उजळतो. नव्या नकला ओळखण्यास ही चाचणी उपयुक्त ठरते.

चिंध्यांपासून केलेला १८१० चा कागद बहुधा आजही लवचिक असतो. उलट १८९० चा लाकडी लगद्याचा कागद त्यातील अम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. ज्या स्वस्त कागदाने हे खेळणे गरिबाघरी पोहोचविले, तोच त्याच्या नाशालाही कारणीभूत ठरला आहे. अम्लरहित वेष्टणात, मंद प्रकाशात व समान दमटपणात ठेवल्यास ही प्रक्रिया मंदावते. लंडनमधील ‘यंग व्ही अँड ए’, न्यूरेंबर्ग येथील जर्मन राष्ट्रीय संग्रहालय, नॉइरुपिनचे संग्रहालय, एपिनालचे चित्रसंग्रहालय आणि अमेरिकेत रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालय यांत अशा खेळण्यांचे महत्त्वाचे संग्रह आहेत.

या संग्रहांचा अभ्यास करताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. कापण्यासाठी केलेला ताव कापला गेला म्हणजेच त्याचा उपयोग झाला; आणि उपयोग झालेले खेळणे सहसा फाटून नष्ट झाले. टिकले ते दुकानातील न विकलेले ताव, सधन घरांत जपून ठेवलेले संच आणि वह्यांत चिकटविलेली चित्रे. म्हणून संग्रहालयातील सर्वांत देखणा, अखंड ताव हा ज्याच्याशी कोणीच खेळले नाही असा ताव असतो. झिजलेल्या कडांची, वाकड्या कात्रीने कापलेली, मागे पेन्सिलीने नाव लिहिलेली एखादी बाहुली बाजारभावाने क्षुल्लक ठरते. परंतु मुलांनी या खेळण्यांचा प्रत्यक्षात कसा उपयोग केला, याचा पुरावा तीच देते.